उस्तादांचं बंद बटण

आमच्या थोरल्या भाऊजींना सगळे उस्ताद म्हणतात. हे नाव त्यांना बस डेपोतल्या ड्रायव्हरांनी दिलं आणि ते थट्टेने दिलं, हे भाऊजी सोडून सगळ्यांना माहीत आहे. ते डेपोत स्टोअरकीपर होते. जाळीच्या खिडकीआड बसायचे, नट-बोल्ट, पट्टे, ग्रीसचे डबे काढून द्यायचे, समोरच्याची सही घ्यायचे. बस त्यांनी जन्मात चालवली नाही. पण बोल्ट मागायला आलेल्या ड्रायव्हरला बोल्टच्या आधी, उतारावर गाडी कशी आवरावी याचं प्रवचन ऐकावं लागायचं. मग ड्रायव्हरही मुद्दाम विचारायचे, "उस्ताद, पाण्याच्या टाकीच्या वळणावर दुसरा गियर का तिसरा?" भाऊजी डोळे बारीक करून म्हणायचे, "वळण मागेल तो." ड्रायव्हर गंभीरपणे मान डोलवायचा, बोल्ट खिशात टाकायचा आणि बाहेर जाऊन पोट धरून हसायचा.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, ते खाली. त्यामुळे भाऊजींचा स्वभाव मला जिन्यावरून चांगला ठाऊक आहे. घरमालकाने जिन्याला कठडा बसवला तेव्हा भाऊजींना तो स्वतःचा अपमान वाटला. "कठडा धरून चढायला मी काय म्हातारा झालो?" म्हणून ते भिंतीच्या कडेने, हात पाठीमागे बांधून चढतात. त्यांच्या मागे एक पायरी सोडून आमच्या वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, एक हात कठड्यावर आणि दुसरा भाऊजींच्या कमरेपासून वीतभर लांब धरून चढत असतात. भाऊजींनी कधी वळून पाहिलं नाही.

गजराचंही तसंच. "मला गजर लागत नाही, आपोआप जाग येते," हे ते पाहुण्यांना हमखास सांगतात. रोज पहाटे वहिनी त्यांच्या उशापाशी पातेल्याचं झाकण पाडतात. इतकी वर्षं झाली, त्या झाकणाला पोचे पडून ते पातेल्यावर बसेनासं झालंय. तरी वहिनी ते टाकत नाहीत. त्यांच्या घरातलं घड्याळ आहे ते.

निवृत्त झाल्यावर भाऊजींनी जुनी गाडी घेतली. डेपोतले एक साहेब बदलून दुसरीकडे चालले होते, त्यांची. गाडी जुनी असली तरी तिच्या काळात मोठी ऐटबाज होती, आणि तिच्यात ट्रॅक्शन कंट्रोल नावाचा प्रकार होता. ओल्या रस्त्यावर चाक घसरून जागच्या जागी फिरायला लागलं, की गाडी स्वतःच इंजिनचा जोर कमी करते आणि चाक पुन्हा रस्ता धरतं. त्याचं एक बटण गियरच्या पुढे होतं. त्यावर छोटी गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा काढलेल्या. साहेबांनी किल्ली देताना प्रेमाने सांगितलं, "उस्ताद, या गाडीची काळजी नको. घसरली तर तीच सावरते."

झालं! भाऊजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन म्हणाले, "गाडी मी चालवायची का गाडीने मला? हे बटण मी कायमचं बंद ठेवणार."

पण ते कायमचं बंद राहीना. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, की ते आपोआप चालू होतं असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. म्हणून दर वेळी निघताना एक सोहळा असायचा. भाऊजी किल्ली फिरवायचे. समोर लाल-पिवळ्या दिव्यांची रोषणाई व्हायची, त्यात त्या नागमोडी रेघांचाही पिवळा दिवा असायचा. इंजिन घरघरलं की त्याच गडबडीत भाऊजी बटणाला टिचकी मारायचे. पिवळा दिवा विझायचा. "बंद!" भाऊजी म्हणायचे आणि आरशात आमच्याकडे बघायचे. आम्ही "हो" म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही.

मी मागच्या सीटवर बसून देवाचं नाव घ्यायला तिथूनच सुरुवात करायची. माझा देवावर पूर्ण विश्वास आहे. पण आपण होऊन बटणं बंद करत सुटायचं आणि देवाला हँडब्रेक ओढायला लावायचा, हे मला बरं वाटत नाही.

डेपोच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर या बटणाची कीर्ती पसरली. "माझ्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल आहे, पण मी वापरत नाही," असं भाऊजी सांगायचे. एक जुना ड्रायव्हर म्हणाला, "उस्ताद, मग ब्रेकही काढून ठेवा की, नुसत्या नजरेने थांबवा." भाऊजींनी ते कौतुक म्हणून घेतलं.

ओल्या दिवशी टाकीच्या वळणावर गाडीचं मागचं अंग जरा सरकायचं, मग सावरायचं. "बघितलंत? हाताला कळतं!" भाऊजी स्टीअरिंगवर थाप मारायचे. नेमका तेव्हाच तो पिवळा दिवा लुकलुकायचा. "याची वायर लूज आहे," असं म्हणून ते डॅशबोर्डवर एक गुद्दा घालायचे. आमचे हे एकदा शेजारी बसले होते. घरी आल्यावर मला म्हणाले, "दादाच्या हाताला काय कळतं ते देव जाणे, पण त्या गाडीला दादा बरोबर कळलाय." मी तेव्हा नुसती हसले. त्यांनाही आपण किती बरोबर बोललो ते ठाऊक नव्हतं.

आता वहिनींचं सांगते. त्यांचा हात शिवणावर चालतो. लोकांचे फाटके कपडे इतके बेमालूम जोडतात, की फाटलं कुठे होतं ते ज्याचं त्यालाही सापडत नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर मोठा दवाखाना झाला. तिथे चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे झगे यांची खोली सांभाळायला बाई हवी होती. धुऊन आलेलं तपासायचं, फाटलेलं शिवायचं, वॉर्डावॉर्डात पोचवायचं. मुख्य नर्सबाईंना वहिनींचं काम पसंत पडलं. अडचण एकच होती. सकाळच्या पाळीच्या आधी चादरी वॉर्डात गेल्या पाहिजेत, आणि इतक्या सकाळी त्या टेकडीवर बस जात नाही.

नर्सबाईंनी स्वच्छ सांगितलं, "स्वतःचं येणं-जाणं जमणार असेल तरच हो म्हणा. आधीची बाई रोज कारणं सांगायची. पहिल्याच दिवशी उशीर झाला तर आत न येता तसंच परत जायचं. दुसरी एक तयार आहे."

मी वहिनींना विचारलं, "या वयात कशाला हा ताप?"

त्या सुई ओवत होत्या. म्हणाल्या, "अगं, त्या खोलीला किल्ली आहे. ती माझ्याकडे राहणार."

एवढंच म्हणाल्या. पण ज्या बाईच्या घरात स्वतःचं कपाटसुद्धा नाही, तिने किल्ली म्हटल्यावर मी पुढे काय विचारणार?

वहिनींनी गाडी शिकायची ठरवली. भाऊजी म्हणाले, "मी सोडत जाईन की रोज."

"रोज तुमच्या जागं होण्यावर माझी नोकरी ठेवू?"

"मला आपोआप जाग येते!"

वहिनींनी झाकणाकडे पाहिलं.

मग भाऊजींनीच शिकवायला घेतलं. दोन-चार रविवार डेपोमागच्या मैदानावर आमची वरात निघाली. भाऊजी आधी अर्धा तास बोलायचे. "चिखलातून गाडी निघाली की थांबायचं नाही. पक्का रस्ता लागेपर्यंत मागे वळूनसुद्धा बघायचं नाही. समजलं?" मैदान कोरडं ठणठणीत होतं. वहिनींनी क्लच सोडला, गाडीने आचका दिला, की हे ओरडायचे, "अगं, गाडी आहे ती, शिवणाचं मशीन नाही!"

तिसऱ्या का चौथ्या रविवारी वहिनी खाली उतरल्या, दार हळूच लावलं आणि सोमवारी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथे शिकवणाऱ्या बाई चांगल्या दणकट, शाळेतल्या वर्गशिक्षिकेसारख्या बोलणाऱ्या होत्या. शिकवायची गाडीही आमच्या गाडीच्याच जातीची. भाऊजींनी महिनाभर तोंड फुगवलं. "माझ्यासारखा माणूस घरात असताना बाहेर शिकायला जाते! लोक काय म्हणतील?" लोक काहीच म्हणाले नाहीत. वहिनींना पहिल्याच फेरीत लायसन्स मिळालं. त्यावर भाऊजींनी टपरीवर सांगितलं, "पाया मीच घातला होता."

कामाचा पहिला दिवस आला. वहिनी रात्रीच डबा, रुमाल, स्वतःची कात्री पिशवीत भरून ठेवून झोपल्या होत्या. माझी दाढ दुखून गाल चेंडूएवढा सुजला होता, म्हणून मीही त्यांच्याबरोबर त्याच दवाखान्यात निघाले. खाली येऊन बघते तर भाऊजी इस्त्रीचे कपडे घालून स्टीअरिंगवर बसलेले.

"पहिला दिवस आहे. मी सोडणार."

"अहो, मी नेते की. लायसन्स काय शोभेला काढलंय?"

"रात्रभर पाऊस झालाय. ओला रस्ता म्हणजे काय असतं ते तुमच्या त्या बाईंनी शिकवलंय का? बस."

वहिनींनी एकदा घड्याळ बघितलं. भांडण्यात वेळ गेला असता. बसल्या. किल्ली फिरली, रोषणाई झाली, टिचकी वाजली, दिवा विझला. "बंद!" भाऊजी म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "हो." मला गालामुळे बोलता येईना, मी मान हलवली.

मोठ्या रस्त्याने सरळ जायचं, तर भाऊजींनी गाडी डेपोमागच्या वाटेला वळवली.

"इकडे पाइपांसाठी खणलंय हो," वहिनी म्हणाल्या. "मोठ्या रस्त्याने चला."

"या भागातला कुठला रस्ता मला माहीत नाही? निम्म्या वेळात पोचवतो."

खणून बुजवलेली माती वरून सपाट दिसत होती. मागची चाकं तिच्यात गेली आणि बसली. भाऊजींनी पाय दाबला. इंजिन जरा गुरगुरलं आणि दबलं. आणखी दाबला. पुन्हा तेच. चाकं फिरायला लागतात न लागतात तोच गाडी दम सोडायची. समोर पिवळा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. भाऊजींनी त्याला एक गुद्दा घातला, इंजिनला चार शिव्या घातल्या, मग साहेबांच्या आई-वडिलांची आठवण काढली. "मला फसवलं त्याने! इंजिनमध्ये जीवच नाही!"

वहिनी मांडीवरच्या पिशवीचे बंद दोन्ही हातांनी पिळत होत्या. त्यांचा चेहरा मला आरशात दिसत होता, आणि तो घाबरलेला नव्हता. बाजारात एखादी वस्तू घ्यावी की न घ्यावी असं मनाशी चाललेलं असतं ना, तसा होता. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, दाढेचं मागाहून बघ, आधी हिला पोचव.

मग वहिनी एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "अहो, हे असं नुसतं इंजिनने व्हायचं नाही. मागून जोर लागेल."

"मग उतर आणि लाव."

"माझ्याने होणार आहे का ते? त्याला तुमच्यासारखा हात लागतो. मी नुसती इथे बसते, तुम्ही सांगाल तेव्हा पाय दाबते."

भाऊजी विचारात पडले. गाडी बायकोच्या हातात द्यायची म्हणजे कमीपणा, आणि आपल्याच्याने ढकलवत नाही म्हणायचं म्हणजे त्याहून कमीपणा. शेवटी ते विजारीचे पाय वर दुमडून चिखलात उतरले. "मी हो म्हटलं की दाब. हळू! आणि बटण बंद आहे ना बघ, नाहीतर मध्येच लुडबुड करेल."

"हो, बघते," वहिनी म्हणाल्या आणि पलीकडच्या सीटवर सरकल्या.

भाऊजी मागे जाऊन डिकीला खांदा लावून वाकले. ते पूर्ण वाकल्याची वहिनींनी आरशात खात्री करून घेतली. मग त्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं. टिचकी मारली नाही. इंजिन सुरू असतानाच त्यांनी ते बटण दाबून धरलं, आपण दाराची बेल वाजवून उभे राहतो तसं. पिवळा दिवा लागला. बोट काढलं तरी तो लुकलुकला नाही की विझला नाही, लागलेलाच राहिला.

"हो!" मागून आवाज आला.

वहिनींनी गाडी दुसऱ्या गियरमध्ये टाकून पाय अलगद दाबला. या वेळी इंजिन दबलं नाही. मागची चाकं गरागरा फिरली, चिखलाचा फवारा उडाला, चाकांनी खालची खडी धरली आणि गाडी एका हिसक्यात बाहेर आली. मी मागच्या काचेतून पाहिलं. काचेवर चिखलच चिखल. त्यातून भाऊजींसारखं काहीतरी उभं राहताना दिसलं.

वाट पुढेही मऊच होती. वहिनी थांबल्या नाहीत. पक्का रस्ता लागला, तरी थांबल्या नाहीत.

"वहिनी! भाऊजी!" माझ्या सुजलेल्या तोंडातून जेमतेम फुटलं.

"हात हलवताहेत का?"

"दोन्ही."

"मग ठीक आहेत," असं म्हणून वहिनींनी गियर बदलला. "पाच मिनिटांवर तर टपरी आहे त्यांची. चहा मिळेल."

मोठ्या रस्त्याला लागल्यावर गाडी थोडा वेळ थांबवून त्यांनी तेच बटण पुन्हा दाबलं. दिवा विझला. मी बोट दाखवून "हे काय?" असं खुणेनं विचारलं.

"आता चालू झालं," वहिनी म्हणाल्या. "दिवा लागलेला असला की बंद असतं, विझलेला असला की चालू. आपल्या घरच्या दिव्यासारखं नाही ते. आणि बंद करायचं तर इंजिन सुरू झाल्यावर दाबून धरावं लागतं. यांच्या टिचकीचा गाडीला पत्ताही लागत नाही. तो दिवा सुरुवातीला बाकीच्या दिव्यांबरोबर लागतो आणि आपला आपण विझतो."

मला क्षणभर दाढेचा विसर पडला. "म्हणजे इतकी वर्षं..."

"एकही दिवस बंद नव्हतं."

"आणि ती लूज वायर?"

"कसली वायर? चाक घसरलं, गाडीने सावरलं, की दिवा लुकलुकतो. बिचारी सांगत असते, सावरलं गं बाई तुम्हाला. त्यावर हे तिला गुद्दे घालतात. चिखलात मात्र सावरणं नडतं. चाक थोडं फिरू द्यावं लागतं, ते ती फिरू देत नाही. तेवढ्यापुरतं बंद करायचं असतं, असं ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी शिकवलं."

"मग भाऊजींना का नाही सांगितलंत?"

वहिनींनी रस्त्यावरून नजर काढली नाही. "सांगितलं असतं तर त्यांनी खरंच बंद केलं असतं. मग टाकीच्या वळणावर तू बसली असतीस मागे?"

मी नाही म्हणून मान हलवली. गाल ठणकला तरी दोनदा हलवली.

"आज मघाशी तोच विचार करत होते," त्या म्हणाल्या. "त्यांच्या डोळ्यांदेखत दाबलं असतं तर नोकरी मिळाली असती, पण गाडी त्यांच्या हातात असेल ते रविवार कायमचे धोक्याचे झाले असते. म्हणून त्यांना आधी मागे धाडलं."

आम्ही पोचलो तेव्हा नर्सबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, चिखलाने माखलेल्या गाडीकडे पाहिलं, वहिनींच्या स्वच्छ पदराकडे पाहिलं. "वाटेत काही अडचण?"

"होती. मागे राहिली," वहिनी म्हणाल्या.

नर्सबाईंनी कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली सोडवून त्यांच्या हातावर ठेवली. वहिनींनी ती पिशवीत टाकली नाही, मुठीतच धरून आत गेल्या. मी दाढ काढून घेतली आणि परतीच्या बसने घरी आले.

संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं होतं, की उस्तादांनी रुतलेली गाडी एकट्याने उचलून बाहेर काढली. टपरीवर त्यांनी चिखल धुतलासुद्धा नव्हता. पुरावा म्हणून तसेच बसून राहिले होते. वहिनी घरात शिरल्या तेव्हा मीही खालीच होते. म्हटलं, आता आभाळ फाटणार. भाऊजी आधी घसा खाकरले.

"थांबली नाहीस ते बरं केलंस. पक्का रस्ता लागेपर्यंत थांबायचं नाही, मीच सांगितलं होतं ना?"

"तुम्हीच तर शिकवलंत," वहिनी म्हणाल्या.

"आणि बटण? बंद केलं होतंस ना?"

"हो. नीट बघून बंद केलं होतं."

"म्हणूनच निघाली!" भाऊजींनी मांडीवर थाप मारली. त्या बटणाबद्दल ते आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोलले होते, आणि ते त्यांना कुणीच सांगू शकत नव्हतं. मला हसू आवरेना. दाढेच्या टाक्यांची सबब सांगून मी तोंडाला पदर लावला.

आता सोमवार ते शनिवार गाडी वहिनी नेतात. भाऊजींना रविवार उरलाय, आणि तो त्यांना पुरतो. हे सगळं लिहून काढायला मला भीती वाटत नाही, कारण दोन ओळींच्या पुढे काही वाचायचं म्हणजे भाऊजींना चष्मा लागतो, आणि चष्मा म्हणजे मदत. परवाच आम्ही सगळे निघालो होतो. किल्ली फिरली, दिवे लागले, टिचकी वाजली.

"बंद!"

"हो, बंद!" आम्ही दोघी एका सुरात म्हणालो.

मी पूर्वी टाकीचं वळण मागे पडेपर्यंत देवाचं नाव घेत असे. आता पुढे वाकून तो पिवळा दिवा तेवढा बघते. विझला की देवाला नमस्कार करते आणि खुशाल टेकून बसते.